आभारांपासून वाचणारा माणूस

गुरुवार, १४ मार्च १९९६, दुपारी जेवणानंतर. स्थळ: बेंगळुरूतल्या एका विज्ञानसंस्थेतलं आमच्या विभागाचं ऑफिस. हजर: विभागाचे प्रमुख प्राध्यापक, ऑफिसची व्यवस्था बघणारी मी, आणि टेलिफोन. गैरहजर: ज्यांचा निकाल त्या टेलिफोनवर लागायचा होता ते आमचे वरचे. ते त्या वेळी मद्रासला, परदेशी वकिलातीच्या फाटकाबाहेर, दुसऱ्याच एका मुलाची व्हिसाची फाईल काखेत धरून उभे होते.

यावरून कुणाला वाटेल, बिचारे नेमके ऐन दिवशी सापडले नाहीत. तसं नाही. स्वतःच्या कामाला ते कायमच गैरहजर असत. दुसऱ्याच्या कामाला मात्र इतका हजर माणूस मी निपाणी सोडून इथं आल्यापासून दुसरा पाहिलेला नाही. जगाच्या पाठीवर कुठल्या प्रयोगशाळेत कुठली खुर्ची रिकामी होणार, तिथला मालक तिरसट की मायाळू, आणि तिथं आपल्यातलं कोण टिकेल, हे त्या प्रयोगशाळेच्या आधी राजाजीनगरात आमच्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या या माणसाला कळलेलं असे.

'वरचे' म्हणजे आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे. मूळचे सांगलीचे. त्यांनी आमच्याच विभागात पीएच.डी. केली आणि पुढे तिथंच संशोधन सहायकाच्या तात्पुरत्या जागेवर राहिले. म्हणजे दिवसभर माझ्या ऑफिसात आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर. विषय काच. तापलेली काच थंड होताना तिच्या आत काय घडतं, हे ते मोजत. आमच्याकडे चहाला बसले की पेला आधी उजेडात धरून बघत आणि मग तोंडाला लावत. आमच्या ह्यांना सुरुवातीला तो पेला नीट घासला नसल्याचा आरोप वाटायचा. पुढे त्यांनीही सवय करून घेतली, आणि आता आमच्या घरी सगळेच पेला उजेडात धरतात. पाहुण्यांना ते विचित्र दिसतं.

विज्ञानात पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपलं असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. पुढं दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी, शक्यतो परदेशातल्या, प्रयोगशाळेत जाऊन काम करावं लागतं. त्याला पोस्टडॉक म्हणतात. त्याशिवाय इकडे पक्की नोकरी मिळणं कठीण. ही जागा वर्तमानपत्रात येत नाही. ती ओळखीनं, पत्रानं आणि नशिबानं मिळते, आणि आमच्या विभागात ओळख, पत्र आणि नशीब ही तिन्ही खाती वरच्यांकडे होती.

त्यांची स्वतःची तात्पुरती जागा मार्चअखेर संपत होती. आणखी मुदतवाढ नियमात बसत नव्हती. मुदतवाढीचे अर्ज मीच टाइप करत असल्यामुळे नियम मला पाठ. एप्रिलपासून दोनच वाटा उरत होत्या. एक पोस्टडॉक. दुसरी म्हणजे आमच्या ह्यांच्या पुतण्याची सॉफ्टवेअर कंपनी. तो पुण्याहून इकडे आलेला, बोलायला मोकळा. म्हणाला, "काकू, त्यांना सांगा, फिजिक्सवाले आम्हाला चालतात. लॉजिक चांगलं असतं. सहा महिन्यांचा एक कोर्स करायचा आणि काच-बिच विसरून जायची, बास!" वरच्यांनी हे शांतपणे ऐकलं आणि त्याला चहाच्या पेल्यातला एक बारीक बुडबुडा दाखवून तो तिथं कसा अडकला असेल ते सांगितलं. पुतण्या पुन्हा त्या विषयावर बोलला नाही, पण एप्रिलपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. पोरगं मनानं चांगलं आहे.

वरच्यांची पहिली सवय वाचनाची. परदेशी संशोधनपत्रिकांचे नवे अंक आमच्या ग्रंथालयात सोमवारी मांडत. बाकीची मंडळी अंक उघडून आपापल्या विषयाचा लेख शोधत. वरचे प्रत्येक लेख शेवटून उघडत. लेखाच्या शेवटी चार ओळींत आभार मानलेले असतात, तेवढेच वाचून पुढच्या लेखाच्या शेवटाकडे जात. मी एकदा कागदाच्या हिशेबासाठी ग्रंथालयात गेले होते, तर मला त्यांनी हाक मारली. आमच्या विभागात लहानथोर सगळे मला अक्काच म्हणतात.

"अक्का, हे बघा. या बाईंनी मागच्या तिन्ही लेखांत एका सहकाऱ्याचे आभार मानलेत. या लेखात त्याचं नाव नाही."

"भांडण झालं असेल."

"भांडण झालं असतं तर आभार जास्त मानले असते. माणूस नोकरी लागून गेला. जागा रिकामी आहे."

मग त्यांनी दुसरा अंक काढला. "आणि हे गृहस्थ बघा. काचेच्या नळ्या फुंकून देणाऱ्या कारागिराचे नाव घेऊन आभार मानतात. यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे, नाव घेऊन. इथं मुलगी द्यायला हरकत नाही."

"आणि हे शेजारचे?"

"हे फक्त पैसे देणाऱ्या संस्थेचे आभार मानतात. इथं पोरगं पाठवलं तर दिवाळीच्या आत रडत परत येईल."

हे सगळं ते स्थळ बघणाऱ्या मामांच्या गांभीर्यानं बोलत, आणि खरं सांगायचं तर कामही तेच होतं. मुलगा अबोल असेल तर त्याला गप्पिष्ट प्राध्यापकाकडे पाठवायचं नाही, कारण दोघांचं काम होत नाही. मुलगी हट्टी असेल तर तिच्याहून हट्टी माणूस शोधायचा. एका धारवाडच्या मुलीसाठी त्यांनी कॅनडातल्या एक प्राध्यापक बाई शोधल्या. का, तर त्यांनी आपल्या आभारात 'माझ्याशी सतत वाद घातल्याबद्दल' असं लिहून एका विद्यार्थिनीचे आभार मानले होते. धारवाडची मुलगी तिथं गेली आणि पहिल्याच महिन्यात तिचं पत्र आलं: 'इथं रोज भांडण होतं, फार बरं वाटतं.'

जागा सापडली की ते लगेच अर्ज पाठवू देत नसत. आधी एक साधं कार्ड जाई. आपल्याला एखाद्याचा लेख हवा असला की त्या काळी संशोधक एकमेकांना छापील कार्ड पाठवत, आणि लेखाची प्रत फुकट येत असे. कार्डाच्या खाली वरचे उमेदवाराकडून लेखाबद्दलचा एकच प्रश्न हातानं लिहून घेत. "प्रश्न असा पाहिजे," ते सांगत, "की उत्तर द्यायला त्याला दहा मिनिटं लागावीत आणि दिल्यावर स्वतःवर खूश व्हावं." उत्तर आलं की स्थळ पुढं न्यायचं. ऑगस्टमध्ये युरोपात काही पाठवायचं नाही, तो महिना तिकडे सुट्टीचा. ऑगस्टमध्ये पत्र पाठवणं म्हणजे कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवणं, असं त्यांचं मत. अमेरिकेत नाताळच्या आधी पाठवायचं नाही. मी हे सगळं महिन्यावार लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावलं, तेव्हा मुलं येऊन त्याला पंचांग म्हणू लागली. "अक्का, यंदा जर्मनीचा मुहूर्त कधी?" असं खुशाल विचारत.

मग बायोडाटा. एका रायचूरच्या मुलानं घरी लग्नासाठी केलेला बायोडाटाच वर 'संशोधन' असा शब्द टाकून आणून दिला होता. त्यात उंची होती, वर्ण होता, मामांचं गाव होतं. वरच्यांनी तो संपूर्ण वाचला आणि गंभीरपणे म्हणाले, "उंची राहू दे. तिथली भट्टी उंचावर आहे." मुलगा बरेच दिवस ते खरं धरून चालला होता.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी त्यांनी एक ओव्हरकोटही ठेवला होता. शिवाजीनगरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला, राखाडी, घोंगडीसारखा जड आणि कुणालाही बसावा म्हणून मुद्दाम अवाढव्य. आमच्या विभागातलं कुणी थंड देशात निघालं की हा कोट त्याच्या अंगावर चढे, आणि तिकडून सुट्टीवर परत येणारा पहिला माणूस तो घेऊन येई. बेंगळुरूच्या विमानतळावर उकाड्यात तो कोट घालून घामाघूम झालेला मुलगा दिसला की तो आमचाच, हे लांबून ओळखू येई. धारवाडची मुलगी त्यात तंबूत उभी राहिल्यासारखी दिसत होती. कोट परत आला की खिशांतून नाना वस्तू निघत: ट्रामचं तिकीट, कसली तरी वाळकी पानं, एकच हातमोजा. दुसरा हातमोजा कधीही आला नाही. वरचे तो एकटा मोजाही पुढच्या माणसाबरोबर परत पाठवत, जोडी मिळाली तर मिळाली म्हणून.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिफारसपत्र. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. शिफारसपत्र प्राध्यापकांनी लिहायचं असतं. प्रत्यक्षात ते उमेदवाराला म्हणतात, "मसुदा करून आणा, मी सही करतो." मग उमेदवार स्वतःच स्वतःची स्तुती लिहून आणतो. आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तर ही भानगडच मिटवली होती. सगळ्यांची पत्रं वरचे लिहीत, मी टाइप करत असे आणि सर न वाचता सही करत. सर कानडी, वयानं मोठे, कानानं थोडे कमी आणि कामात बुडालेले. कागद पुढं केला की "वरच्यांनीच लिहिलंय ना? सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणून पेन उघडत. वरच्यांना 'वरचे' म्हणायची माझी सवय त्यांनाही लागली होती.

वरचे दुसऱ्यांबद्दल लिहायला बसले की त्यांच्या हाताला वेगळाच जोर चढे. मी टाइप करून करून सांगते, आमच्या विभागातून जवळजवळ दरवर्षी 'गेल्या दहा वर्षांतला सर्वोत्तम विद्यार्थी' बाहेर पडत असे. एखाद्या वर्षी दोन. मी एकदा हिशेब दाखवला, तर म्हणाले, "अक्का, ज्या क्षणी मी लिहीत होतो त्या क्षणी तो सर्वोत्तमच होता."

असा माणूस स्वतः अर्ज का करत नव्हता? मी त्यांना विचारायचं सोडलं नव्हतं. माझी कामांची यादी असते, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवी, आणि राहिलेली कामं पुढच्या पानावर जातात. 'वरच्यांचा अर्ज' हे काम दोन वर्षं पानामागून पान पुढं सरकत होतं. चांगली जागा सापडली की ते आधी म्हणत, "मला चालेल ही." दुसऱ्या दिवशी म्हणत, "पण त्या मुलीचं या विषयात जास्त काम आहे." तिसऱ्या दिवशी त्या मुलीचं कार्ड टपालात पडलेलं असे. मी फारच लावून धरलं की काच मध्ये आणत.

"घाईनं थंड केलेली काच आतून ताणलेली राहते, अक्का. दिसायला ठीक, आणि एक दिवस कपाटात ठेवल्याजागी तडकते."

"आणि तुम्ही हळूहळू थंड करत बसलात तर भट्टी मार्चअखेर बंद होणार आहे, त्याचं काय?"

यावर ते फक्त पेला उजेडात धरत.

त्यांची बायको सांगलीला शाळेत शिकवत होती. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि संसार सगळा सुट्ट्यांमध्ये. दर रविवारी सकाळी आमच्या फोनवर तिचा फोन येई. आधी वरच्यांशी पाच मिनिटं बोले आणि मग मला मागून घेई. जानेवारीतल्या एका रविवारी म्हणाली, "काकू, त्यांना म्हणावं, गावाची लग्नं लावून झाली असतील तर आता घरच्यांकडे बघा. काच सोडायची तर सोडा, मी काही म्हणणार नाही. धरायची तर धरा. पण मार्चनंतर मला 'बघू' हा शब्द ऐकवायचा नाही. सातवी ब ला मी तो शब्द वापरू देत नाही, नवऱ्याला का द्यावा?"

मुलगी मला पहिल्यापासून आवडायची.

त्याच आठवड्यात वरचे अंक घेऊन जिन्यावरून खाली आले. स्कॉटलंडमधले एक काचेचे प्राध्यापक. त्यांनी आभारात, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन भट्टी पेटवणाऱ्या माणसाचं नाव घेतलं होतं आणि जुन्या सहकाऱ्याचं नाव गळलं होतं. यांच्याकडे आमच्या विभागातून पूर्वी अर्ज गेलेले होते, एक मुलगा जाऊनही आला होता. वरचे त्या चार ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "रायचूरच्या मुलाला चांगली आहे."

"रायचूरच्या मुलाचं अमेरिकेत ठरलंय. तुम्हीच ठरवलंय."

"हो की."

"धारवाडची मुलगी कॅनडात भांडतीय. दुसरं कोण आहे?"

त्यांनी सगळा विभाग मनातल्या मनात फिरून पाहिला. मला ते दिसत होतं. कुणीच उरलं नव्हतं. शेवटी असे काही ओशाळले की जणू कुणाच्या ताटातली शेवटची पोळी उचलतायत. पण कार्ड गेलं, प्रश्नाचं उत्तर आलं, आणि मग अर्ज पाठवायची वेळ आली.

अर्ज झकास होता. शिफारसपत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आला आणि मी टाइपरायटरवरून हात काढून घेतले. त्यात लिहिलं होतं: उमेदवार कामाला सावकाश आहे. इतरांना जिथं एक महिना लागतो तिथं तो तीन महिने घेतो. त्याचा बराच वेळ दुसऱ्यांच्या कामांत जातो. त्याच्या नावावर लेख थोडे आहेत. काच बरी ओळखतो.

"हे काय? शिफारसपत्र आहे की तक्रार?"

"खरं आहे ते, अक्का."

"बाकीच्यांचं खरं होतं?"

"त्यांना मी बाहेरून बघत होतो. बाहेरून माणूस चांगला दिसतो. स्वतःला आतून बघितलेलं असतं." मग म्हणाले, "शिवाय वर सरांचं नाव आहे. सरांच्या तोंडून मी माझीच स्तुती कशी वदवू?"

"दुसऱ्यांची वदवलीत की!"

"ती मी त्यांच्या वतीनं वदवली."

मी ते पत्र टाइप केलं, सरांपुढं नेलं आणि स्पष्ट म्हटलं, "सर, एवढं एक पत्र स्वल्प वाचून मग सही करा."

सरांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या कपाळावर होता. सापडेना म्हणून विचारलं, "वरच्यांनीच लिहिलंय ना?"

"हो, पण..."

"सरी." सही झाली. पत्र टपालात गेलं. त्या दिवशी मी यादीतल्या 'वरच्यांचा अर्ज' या कामावर खूण केली, पण समाधान वाटलं नाही.

फेब्रुवारी गेला. मार्चचा पहिला आठवडा गेला. पुतण्यानं एकदा आडून विचारलं. सांगलीच्या फोनवर नवरा-बायकोचं बोलणं पाच मिनिटांवरून दोनावर आलं. वरचे या काळात काय करत होते? रायचूरच्या मुलाला वकिलातीतल्या मुलाखतीची भीती वाटत होती, म्हणून त्याला जिन्यावर बसवून वकिलातीच्या अधिकाऱ्याच्या आवाजात प्रश्न विचारत होते. मुलगा एकट्यानं मद्रासला जायला तयार होईना, तर बुधवारच्या रात्रीच्या गाडीनं हे त्याच्याबरोबर गेले.

आणि गुरुवारी दुपारी फोन वाजला.

स्कॉटलंडचे प्राध्यापक स्वतः. सरांना ऐकू कमी येतं म्हणून ऑफिसातल्या फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला होता, तो खोलीभर पसरायचा. बोलणं इंग्रजीत झालं, त्याचा मतलब असा. ते म्हणाले, "तुमचं शिफारसपत्र माझ्यासमोर आहे. तुमची आधीची पत्रंही काढून ठेवली आहेत. त्यांत प्रत्येक जण दहा वर्षांतला सर्वोत्तम आहे. हे पत्र त्यांतलं वाटत नाही. म्हणून विचारतो, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"अर्थात," सर म्हणाले. "शब्दन् शब्द."

"मग मला हे सांगा, हा माणूस खरोखर इतका सावकाश आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मी फाईल काढून कार्बन कॉपी त्यांच्यापुढं ठेवली होती, आणि त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली नाकावर ओढला होता. एरवी माझं असं धाडस झालं नसतं. सर वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. पलीकडून "हॅलो? हॅलो?" चाललं होतं. सरांनी पत्र संपवलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि मला वाटलं, आता ते म्हणणार की काहीतरी गफलत झालीय, नवं पत्र पाठवतो. तसं म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं, कारण मग आधीची पत्रंही कुणी लिहिली हा प्रश्न आला असता.

सर म्हणाले, "हो. सावकाश आहे. पत्रातलं सगळं बरोबर आहे. फक्त एक वाक्य लिहायचं राहून गेलं."

"कुठलं?"

सर उभे राहिले. फोनवर बोलताना उभं राहिलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "या माणसानं केलेलं मोजमाप मला आजवर पुन्हा करून बघावं लागलेलं नाही. माझ्या स्वतःच्या मोजमापांबद्दल मला असं म्हणता येत नाही."

मग ते गृहस्थ म्हणाले, "वाक्य लिहून पाठवा. आणि त्याला म्हणावं, जूनमध्ये ये."

सरांनी फोन ठेवला आणि ती कार्बन कॉपी बाजूला सारली. मग म्हणाले, "अक्का, ते वाक्य टाइपरायटरवर नको, मी हातानं लिहितो." मी कागद दिला. त्यांनी मसुदा केला, खोडला, पुन्हा केला. एका वाक्याला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून सर शिफारसपत्र वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यामुळे माझी कामं फार तुंबतात, पण ते असो.

वरचे शुक्रवारी सकाळी मद्रासहून परस्पर ऑफिसात आले, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी रायचूरच्या मुलाच्या व्हिसाची हकीकत सुरू केली: अधिकाऱ्यानं काय विचारलं, मुलगा कुठं अडखळला, मग भट्टीच्या उंचीवरून कसा सावरला. त्यात एक कॉफी संपली. मग मी कालचा फोन सांगितला. ते ऐकत राहिले. स्कॉटलंड, जून, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "सर काय म्हणाले ते पुन्हा सांगा." मी ते वाक्य पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर आले नाहीत. सांगलीला मात्र स्वतः फोन लावला, रविवार नसताना. पुतण्याला मी कळवून टाकलं. तो म्हणाला, "काकू, चांगलं झालं. आमच्याकडे ते सगळा प्रोग्राम शेवटून वाचत बसले असते."

जूनमध्ये निघाले, तेव्हा कोट कॅनडात धारवाडच्या मुलीकडे होता. मी विचारलं, तर म्हणाले, "जूनमध्ये कसली थंडी?" पहिल्या पत्रातलं पहिलं वाक्य होतं: 'अक्का, इथं जूनमध्ये थंडी असते.' दिवाळीनंतर सांगलीची मुलगीही तिकडे गेली. तिला मी माझी शाल आणि पायमोजे बांधून दिले.

गेल्या वर्षी त्यांचा तिथला पहिला लेख आला, टपालानं, माझ्या नावावर. त्यातला विषय मला काय कळणार? मी शेवटून उघडला. भट्टी पेटवणारा, नळ्या फुंकणारा, ऑफिस सांभाळणाऱ्या बाई आणि फरशी पुसणाऱ्या बाई, सगळ्यांचे नाव घेऊन आभार. मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, "इथं मुलगी द्यायला हरकत नाही." हे म्हणाले, "दिलीय की, सांगलीकरांनी."

वरच्या खोलीत आता दोन मुलं राहतात, नागपूरची, सॉफ्टवेअरमधली. सज्जन आहेत, भाडं वेळेवर देतात. सकाळी व्हाइटफील्डच्या बसला धावतात आणि रात्री जिना चढून थेट वर जातात. पायरीवर कुणी बसत नाही. परवा धारवाडची मुलगी लग्नासाठी घरी आली, तेव्हा जाता जाता कोट आमच्याकडे ठेवून गेली. मी खिसे तपासले. हातमोजा एकच.

विभागात यंदा दोन मुलं पीएच.डी. संपवतायत. त्यांतला एक अबोल आहे. मी गेल्या सोमवारी ग्रंथालयात जाऊन नव्या अंकांपुढं उभी राहिले आणि त्यांनी दाखवलं होतं तसे लेख शेवटून उघडून बघितले. मला आभार वाचता येतात, त्यांतली रिकामी जागा काही दिसत नाही.

या महिन्याच्या यादीतली बाकीची कामं झाली. कोट ड्रायक्लीनला टाकणे, झालं. बटण लावून घेणे, झालं. कोटासाठी पुढचा माणूस बघणे, हे राहिलंय.